दोन कप उरायचे

सोमवार, १३ जून १९९४. रक्कम सहाशे चाळीस रुपये. एसटीच्या थांब्यावर हजर असलेले: आई, अण्णा, त्या वेळचे पाळकसाहेब, माझा शाळेपासूनचा मित्र शांतवन आणि शांतवनचे वडील गुलाबकाका. पुण्याची गाडी पावणेसातला आली. मी बी.कॉम. झालो होतो, हडपसरच्या एका कारखान्यात हिशेबनिसाची नोकरी लागली होती, आणि राहायचं कुठे ते ठरलेलं नव्हतं.

पैसे पाळकसाहेबांनी रुमालात बांधून दिले. आपल्या मंडळीत तेव्हा बत्तीस घरं होती आणि घरटी वीस रुपये काढले होते. त्या साली खुरपणीला जाणाऱ्या बाईला आपल्याकडे दिवसाला तेवढेच मिळत. म्हणजे बत्तीस घरांतलं एकेक माणूस माझ्यासाठी एक दिवस उन्हात राबलं होतं. पैसे घेताना मी बहुतेक तोंडातल्या तोंडात काहीतरी आकडेमोड करत असणार, कारण अण्णा म्हणाले, "वरच्या वस्तीचे किती न् खालच्या वस्तीचे किती, ते कुणी मोजलेलं नाही. तूही मोजू नको." शांतवनने माझी पेटी टपावर चढवली, खाली उतरून हात झटकले आणि म्हणाला, "पोचलास की लिही. हिशेब नको लिहू, पत्र लिही." आईने माझ्या शर्टाची कॉलर नीट केली, ती आधीच नीट होती.

यंदा आपल्या देवळाला शंभर वर्षं होतात. सध्याच्या पाळकसाहेबांचा फोन आला की स्मरणिका काढतोय, तुम्ही इतकी वर्षं पुण्यात आहात, तिथल्या मंडळीचे खजिनदार आहात, तर 'शहरात विश्वास कसा टिकवला' यावर दोन पानं लिहा. मी हो म्हणालो. मग महिनाभर मला एक ओळ लिहिता आली नाही. विश्वास टिकला हे खरं आहे, पण तो मी टिकवला असं माझ्या हातून लिहवत नाही. कुणी टिकवला आणि मी त्या वेळी काय करत होतो, ते लिहितो. आईला आता अक्षर दिसत नाही. तिला कुणीतरी हे वाचून दाखवेल. वाचणाऱ्याला विनंती आहे की तिला वाईट वाटेल म्हणून मधलं काही गाळू नये.

आपली मुलं शहरात जन्मली, त्यांना गावच्या देवळाची गोष्ट माहीत नाही, म्हणून ती थोडक्यात सांगतो. गावाबाहेर दोन वस्त्या होत्या, वरची आणि खालची. जातींची नावं लिहीत नाही, जुन्या माणसांना ती माहीत आहेत. गावाने दोघींनाही बाहेर ठेवलं होतं आणि त्या दोघींनी एकमेकींना बाहेर ठेवलं होतं. पाणी चालत नव्हतं, मुलगी देणं तर लांबच. दोन्हीकडची माणसं ख्रिस्ती झाली तेव्हा पहिल्या उपदेशकाने एकच गोष्ट धरून ठेवली. भाकर आणि द्राक्षरसाचं प्रभुभोजन एकत्र होईल आणि प्याला एकच असेल. पहिल्या वेळी अर्धा गाव खिडक्यांशी उभा राहून बघत होता म्हणतात. तेव्हापासूनची आपली पद्धत अशी की एका महिन्यात प्याला खालच्या वस्तीकडून सुरू होतो आणि पुढच्या महिन्यात वरच्या. मी लहान असताना याला पाळी म्हणायचो, मोटेच्या पाण्याची असते तशी. ओठांना पितळेचा गारवा लागायचा आणि आपल्या आधी कोण प्यायलं हे कधी मनात यायचं नाही. गुलाबकाका खालच्या वस्तीचे, आम्ही वरचे. एवढंही मला बरंच मोठं झाल्यावर कळलं.

दुसरी पद्धत तयारीच्या सभेची. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी सगळे जमत, आणि ज्याचं कुणाशी वाकडं असेल त्याने त्या रात्रीच्या आत मिटवायचं. मी पुण्याला निघालो त्याच्या दोन दिवस आधीचा शनिवार मला स्वच्छ आठवतो. गुलाबकाकांची शेळी आमच्या मेथीत शिरली होती आणि अण्णांनी फेकलेल्या लाकडाने तिचा पाय मोडला होता. तीन महिने दोघं बोलत नव्हते. मी उद्यापरवा जाणार, आणि आपल्याला प्रभुभोजनाच्या मेजाशी बसता येणार नाही, हे अण्णांना टोचत असावं. संध्याकाळी त्यांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल. आधी माणसाकडं जा, मग मेजाकडं ये, असं आहे ते." गुलाबकाका ओट्यावर बसले होते. अण्णांनी सलाम केला आणि माझं चुकलं म्हणाले. गुलाबकाका म्हणाले, "माझ्याकडं काय येतोस? माझा पाय मोडलाय का? शेळीकडं जा." आणि अण्णा खरोखर गोठ्यात गेले. शेळीपुढे खाली बसले, तिच्या पायावरून हात फिरवला. गुलाबकाकांना हसू आवरेना. आम्ही चहा पिऊन घरी आलो. मला तेव्हा ही गंमत वाटली होती.

हडपसरला मी गाडीतळाच्या मागे दहा बाय दहाची खोली घेतली. मांजरी गावाच्या रस्त्याला तेव्हा दोन्ही बाजूंनी ऊस होता, आणि संध्याकाळी सायकलवरून जाताना गुळचट वास यायचा. आज त्या उसाच्या जागी चौदा मजली सोसायट्या आहेत. त्यांतल्या एकीत सहाव्या मजल्यावर माझा टू बीएचके आहे, त्याचा ईएमआय गेल्या वर्षी फिटला. वास आता सिमेंटचा येतो आणि खिडक्या बंद ठेवाव्या लागतात. त्या खोलीत माझ्याकडे एक थाळी, एक स्टीलचा ग्लास आणि एक स्टोव्ह होता. आज स्वयंपाकघरात चोवीस ग्लास आहेत. पाहुणे आले तर आम्ही त्यांच्यापुढे कागदाचे ठेवतो, कारण भांडी घासणारी बाई दुपारी येत नाही.

मराठी ख्रिस्ती घरं शोधून काढायला मला दोन महिने लागले. एका शाळेच्या वर्गात आम्ही अकराजण रविवारी जमायचो. बाकं तिसरीच्या मुलांची होती, गुडघे हनुवटीला लागत. पहिल्यांदा पाळक प्रभुभोजनासाठी आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की प्याला आणायचा राहिला. मी खोलीवर जाऊन माझा स्टीलचा ग्लास घासून आणला. हडपसरच्या मंडळीचं पहिलं प्रभुभोजन त्या ग्लासात झालं, अकराजणांचं. हे मी अभिमानाने कितीतरी वेळा सांगितलं आहे. तरुण संघाच्या मेळाव्यात सांगितलं, मुलीचं दृढीकरण होऊन ती पहिल्यांदा मेजाशी बसली त्या दिवशी सांगितलं. आता सांगताना तोंड कडू होतं.

चार वर्षांनी शांतवन फिटरच्या नोकरीवर पुण्याला आला आणि माझ्याच खोलीत राहिला. दोन वर्षं आम्ही एका थाळीत जेवलो. तो स्वयंपाक करायचा, मी भांडी घासायचो आणि महिन्याचा हिशेब मांडायचो. "सुधाकर, मीठ आपण दोघांनी सारखंच खाल्लं का रे? बघ बरं वहीत," असं तो म्हणायचा. पुढे दोघांची लग्नं झाली. त्याने मांजरीला जुन्या गावठाणात दोन खोल्या बांधल्या, मी फ्लॅट घेतला. मंडळीने स्वतःचा हॉल बांधला, पत्र्याचा का होईना. तिथे मी खजिनदार झालो आणि आजतागायत आहे. माझ्या काळात एका पावतीची चूक निघाली नाही, हे सगळे मान्य करतील.

आमचे पाळक तीन मंडळ्या सांभाळतात आणि आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी येतात. तिन्हींत मिळून एकच प्याला फिरायचा. लॉकडाऊन उठल्यावर सगळीकडे छोटे कप आले. बोटाच्या पेराएवढे काचेचे कप आणि ते बसवायला भोकं असलेला स्टीलचा ट्रे. मीच ऑनलाइन मागवले. त्या दिवसांत ते बरोबरच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्याला दुसऱ्या मंडळीकडे गेला तो तिकडेच राहिला. शांतवनने कप हातात घेऊन बघितला आणि म्हणाला, "खोकल्याच्या औषधाचं टोपण आहे हे."

साथ ओसरून तीन वर्षं झाली तेव्हा त्याने वार्षिक सभेत प्याला परत आणूया असं सुचवलं. मी उठून आरोग्याचे मुद्दे मांडले. डॉक्टर काय म्हणतात, मधुमेही किती, साठीच्या वरचे किती. माझी तयारी पक्की होती. शांतवन बसूनच म्हणाला, "सुधाकर, परवा स्वारगेटला आपण माझ्या बाटलीतनं पाणी प्यायलो. तोंड लावून. तेव्हा डॉक्टरला विचारलं होतंस?"

मी म्हणालो, "ते वेगळं."

"कसं वेगळं?"

मी माझे कागद गोळा करू लागलो. कुणीतरी चहा आल्याचं सांगितलं आणि विषय कपांवरच राहिला.

उत्तर मला तेव्हाही माहीत होतं, ते इथे लिहितो. त्याच्या थोडं आधी मंडळीत सात नवी घरं येऊ लागली होती. बीडकडची माणसं, मांजरीच्या इमारतींवर गवंडीकाम आणि बिगारी करणारी. शांतवनच्या घरामागेच त्यांची पत्र्याची वस्ती आहे. एका रविवारी त्यांचं भजन त्याच्या कानावर पडलं, तर चाल आपल्या गावचीच. दुसऱ्या रविवारी तो सगळ्यांना घेऊन आला. मोठी माणसं सोळा आणि त्यांची मुलं. त्यांच्यातला वडीलधारा लाजरस. ती माणसं मागच्या बाकांवर बसत. आठवडाभराचं सिमेंट त्यांच्या नखांतून निघत नाही. कपांमुळे मला बरं वाटत होतं, ते डॉक्टरांमुळे नव्हे, त्यांच्या मागून त्याच प्याल्याला ओठ लावावे लागत नाहीत म्हणून. माझे आजोबा खिडकीतून बघणाऱ्या गावासमोर ज्या प्याल्यातून प्यायले, त्याच्याबद्दल मी, त्यांचा नातू, असा विचार करत होतो. पण तेवढंच असतं तर मी ते मनातल्या मनात ठेवलं असतं. पुढचं ठेवता येण्यासारखं नाही.

नव्या घरांची नावं यादीत घालायची तर त्यांच्या मूळ मंडळीचा दाखला लागतो. तो नियम आहे आणि मी तो पाळतो. त्यांच्या गावच्या मंडळीला तीन वर्षं पाळक नाही, दाखला देणार कोण? मी लाजरसला सांगितलं, कागद आले की नावं घालू. तो बरं म्हणाला. त्यांची नावं यादीत नाहीत म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नाहीत. आणि मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी ग्रुपवर विचारायचो की उद्या प्रभुभोजनाला प्रत्येक घरातून किती. लोक आकडा टाकायचे. चार, दोन, तीन, कुणी नुसता जोडलेल्या हातांचा इमोजी, त्याला मी पुन्हा विचारायचो. शांतवन लिहायचा, 'दोन.' तो आणि त्याची बायको. बेरीज करून मी तेवढेच कप रविवारी सकाळी भरायचो. एक जास्त नाही, एक कमी नाही. द्राक्षरस वाया जाऊ नये, ओतून द्यावा लागू नये, हा माझा हेतू.

आणि तरी दर वेळी दोन कप उरायचे.

भाकर सगळ्यांना मिळायची. तिचे तुकडे माझी बायको सुनंदा करते आणि ती मोजत नाही. मग कपांचा ट्रे पुढच्या बाकावरून निघायचा, हातोहात मागे जायचा, आणि परत यायचा तेव्हा त्यात दोन भरलेले कप. मला कळायला वेळ लागला नाही. शांतवनने सभेतली गोष्ट मनाला लावून घेतली होती. भाकर घेतो आणि कप परत पाठवतो, म्हणजे निषेध. मला राग आला. बोलायचं तर तोंडावर बोलावं, प्रभूच्या मेजाशी कसलं राजकारण, असं मी सुनंदाला म्हणालो. ती ते दोन कप हातात धरून उभी होती. "यांचं काय करायचं दर महिन्याला?" ती म्हणाली. "थकबाकीत टाकायचे का?"

मी ते दोन कप हॉलमागच्या पेरूच्या झाडाशी ओतायचो. पुढच्या महिन्यात पुन्हा शांतवन 'दोन' लिहायचा, मी दोन भरायचो, दोन उरायचे. आम्ही भेटलो की सलाम करत होतो. मुलांची चौकशी करत होतो. त्याच्या बाटलीतून पाणी मात्र मी मागितलं नाही. असं चौदा महिने चाललं. त्या चौदा महिन्यांत सात घरांनी एकही रविवार चुकवला नाही. स्लॅबचं काम असलं की पहाटेपर्यंत कामावर असत, आणि तरी आठला मागच्या बाकावर.

मग गावाहून पाळकसाहेबांचा तो फोन आला. स्मरणिकेचं सांगून झाल्यावर ते म्हणाले, वर्धापनाच्या दिवशी जुना प्याला दोन वस्त्यांतली दोन माणसं मिळून मेजाकडे आणतात, यंदा पुण्याहून तुम्ही आणि शांतवन या. मी हो म्हणून फोन ठेवला आणि गॅलरीत जाऊन बसलो. एका प्याल्याला दोघांनी हात लावून चालायचं, आणि आमच्यात हे असं. अण्णा टोपी घालताना दिसले. ते जाऊन सोळा वर्षं झाली.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी मी मांजरीला गेलो. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होतं. शांतवन अंगणात मिक्सर उघडून बसला होता, कंपनी बंद पडल्यापासून गल्लीतले सगळे मिक्सर त्याच्याकडे येतात. मी सलाम केला आणि उभ्याउभ्याच म्हणालो, सभेत मी तुला नीट उत्तर दिलं नाही, माझं चुकलं, तू मेजावरचा राग सोड.

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "कसला राग?"

"दोन कप परत येतात ते."

त्याने हात फडक्याला पुसले. मग म्हणाला, "सुधाकर, ट्रे मागे येतो तेव्हा त्यात किती कप असतात?"

"दोन."

"आणि मागं माणसं किती असतात?"

मी हिशेबनीस आहे. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बेरजा तपासल्या. हा हिशेब मला शांतवनच्या अंगणात उभ्याउभ्या कळला. अठरा. सोळा ते आणि दोन हे. ट्रे मागच्या बाकावर जायचा तेव्हा त्यात अठरा माणसांसाठी दोन कप असत, कारण सोळांसाठी मी कधी भरलेच नव्हते. एकदाही नाही. त्यांना वगळायचं असं मी ठरवलं नव्हतं, कुणीच ठरवलं नव्हतं. ग्रुपवरचा आकडा आणि कपांचा आकडा जुळत होता, म्हणून मी मान वर करून बघितलं नाही. प्याला होता तेव्हा असं होऊ शकलं नसतं. प्याला मोजून भरता येत नाही. तो फिरत फिरत शेवटच्या माणसापर्यंत जातोच.

"तू बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"तुला मोजता येतं ना, म्हणून थांबलो," तो म्हणाला. "माझे दोन मी लिहीत होतो. त्यांचे तू लिहायचे होतेस. ते पीत नाहीत तर मी कसा पिऊ? माझ्या शेजारी बसतात ते."

मी पुन्हा म्हणालो, माझं चुकलं. तेव्हा त्याच्या तोंडून त्याच्या वडिलांचं वाक्य आलं. तो विनोद करत नव्हता, हसलाही नाही. "माझ्याकडं काय येतोस? माझं काय मोडलंय? त्यांच्याकडं जा."

वस्ती त्याच्या भिंतीपलीकडेच होती. लाजरस दारात दाढी करत बसला होता, उद्या रविवार म्हणून. अर्ध्या गालाला साबण. खजिनदार आले म्हणून तो गडबडीने उठला आणि आत बायकोला म्हणाला की पिशवीतला कागद काढ. त्याला वाटलं मी दाखल्यासाठी आलोय. दाखला अजून आला नव्हता. त्याने गावी कुणाकुणाला फोन केले त्याची यादी तो मला सांगू लागला, माफी मागितल्यासारखी. मी त्याला थांबवून कपांचं विचारलं.

तो म्हणाला, "आमाला वाटलं, मापातलं हाय म्हनल्यावर ते नावावरचं आसंल. दाखला आला की मिळंल. भाकर मिळत व्हती की." आणि मला बरं वाटावं म्हणून त्याने पुढे जोडलं, "शहरात हिशेबानं चालतं, ते काय आमाला कळत न्हाई व्हय?"

शांतवन माझ्या मागे उभा होता. मी लाजरसला सांगितलं की ते नावावरचं नव्हतं, ते तुमचंच होतं, आणि मी भरलं नाही. "र्‍हाऊ द्या," तो म्हणाला, "चुकतं मानसाचं." मग त्याने उरलेली अर्धी दाढी केली, कारण साबण वाळत होता.

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना तो अन्याय वाटलाच नव्हता. त्यांनी तो नियम समजून सोसला आणि वाट बघत येत राहिले. पावसाळ्यात, उन्हाळ्यात, चालत. रागावून दुसरीकडे गेले असते तर मला सोपं झालं असतं. शहरात विश्वास कसा टिकवला, हे पाळकसाहेबांनी लाजरसला विचारायला हवं. माझ्या विश्वासाच्या आड कधी काही आलं नाही. मला गाव सोडताना बत्तीस घरांनी मजुरी काढून दिली, त्याच्याकडे मात्र मी कागद मागितला.

त्या रात्री मी ग्रुपवर काही विचारलं नाही. सकाळी पाळकांना आल्या आल्या सगळं सांगितलं. ऐकून ते म्हणाले, प्याला आहे का? नव्हता. मी म्हणालो, घरी एक स्टीलचा ग्लास आहे. मुलीला फोन केला, ती स्कूटरवर घेऊन आली. "पप्पा, चोवीस आहेत, कुठला?" असं तिने विचारलं होतं. त्यांतला जुना मला ओळखता येतो, त्याच्या काठाला पोचा आहे. ज्यांना कप हवे त्यांच्यासाठी ट्रे ठेवला, आणि पंधरा-वीसजणांनी कपच घेतले. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांतले चौघे खरोखर आजारी आहेत. ग्लास मागच्या बाकापासून सुरू झाला. लाजरस आधी, मग त्याची माणसं, मग शांतवन आणि त्याची बायको. ग्लास माझ्यापर्यंत आला तेव्हा काठाला बऱ्याच ओठांची ओल होती. मला ती कळली. कळली नाही असं लिहिणार नाही. लहानपणी कळत नसे, आणि तिथवर मला परत जायचं आहे. मी प्यायलो.

गाव म्हणजे काय, असं मुलगी कधीकधी विचारते. ती सुट्टीत तिथे कंटाळते, रेंज येत नाही. मी तिला विहीर, चिंच, देवळाची घंटा असं सांगायचो. आता मला वाटतं, आपल्या आधी कोण प्यायलं हे जिथे मनात येत नव्हतं ती जागा म्हणजे गाव. ती मी सोडून आलो, शांतवन मात्र ती आपल्याबरोबर घेऊन आला. हडपसरच्या मागच्या बाकावर चौदा महिने गाव बसलेलं होतं आणि मी पुढे बसून आमच्या गावचं देऊळ किती जुनं आहे ते लोकांना सांगत होतो.

नवा प्याला तांबट आळीत करायला टाकला. तांब्याचा, आतून चांदीचा मुलामा दिलेला. कारागिराने विचारलं, किती माणसांसाठी? मी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि शांतवन म्हणाला, "मोठा करा." पैसे मी एकट्याने द्यायचे असं माझ्या मनात होतं, आणि मी तसं सभेत बोललो. शांतवन म्हणाला, "तुझ्या पैशाचा झाला तर तो तुझा प्याला. घरटी काढू." लाजरसने मागून विचारलं की आमची घरं धरली का. धरली.

सेहेचाळीस घरं, घरटी शंभर रुपये. तांबट आळीतल्या कारागिराला चार हजार सहाशे रुपये रोख दिले, पावती घेतली. त्यांतले माझे शंभर.